उंचावरच्या तळ्यांची वाट : मुक्काम आधी, सामान नंतर

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून दर वर्षी हिमालयात जाणाऱ्यांची संख्या वाढतेय, आणि त्यात ‘काश्मीर ग्रेट लेक्स’ हे नाव आता घरोघरी पोचलंय. सोनमर्गला चालायला सुरुवात करायची, विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, नुंदकोल, गंगाबल अशी तळी बघत नारानागला उतरायचं. साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरची वाट, सहा-सात दिवसांची चाल. आज आपण या एका वाटेचं नियोजन सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडणार आहोत. वाट दुसरी असली, तारसर-मारसर असो की हिमाचलमधलं भृगू, तरी विचार करण्याची पद्धत हीच राहते.

आमच्याकडं लोक येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, “बूट कुठले घेऊ?” दुसरा प्रश्न, “जॅकेट किती जाडीचं?” हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते नंतरचे आहेत. पहिला प्रश्न असा हवा : आपण रोज रात्री किती उंचीवर झोपणार, आणि त्या जागेवरून कुणाची तब्येत बिघडली तर खाली उतरायला वाट कुठून आहे? या दोन गोष्टी कागदावर आल्या की अर्ध्याहून अधिक नियोजन झालं. त्या आल्या नाहीत, तर महागातले बूट आणि जॅकेट घेऊनही आपण नियोजनाशिवायच निघालोय.

सह्याद्री काय शिकवतो, काय शिकवत नाही

आपल्या भागातला माणूस डोंगराला नवखा नसतो. साताऱ्यात सकाळी फिरायला म्हणून अजिंक्यताऱ्यावर जाणारे आहेत. यवतेश्वर घाट पळत चढणारे हिल मॅरेथॉनवाले आहेत. सांगली-मिरजेकडं सपाटी, पण दंडोबा, सागरेश्वर, मच्छिंद्रगड आहेतच. पाय तयार असतात. दमसास असतो. त्यामुळं मनात एक हिशेब आपोआप होतो : वासोटा चढलो, तर हेही चढू.

पाय चढतील, त्याबद्दल शंका नाही. प्रश्न हवेचा आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटर, कासचं पठार बाराशेच्या आसपास, सातारा शहर सातशे आणि सांगली साडेपाचशे. उंचीमुळं होणारा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढं सुरू होतो. म्हणजे आपला अख्खा सह्याद्री त्या रेषेच्या खूप खाली आहे. आपण आयुष्यभर इथले किल्ले केले तरी आपलं शरीर विरळ हवेला कसं वागतं, हे इथं कधीच कळत नाही.

विरळ म्हणजे किती? हवेत प्राणवायूचं प्रमाण सगळीकडं २१ टक्केच असतं, ते बदलत नाही. बदलतो तो हवेचा दाब. समुद्रकाठी दाब शंभर धरला, तर साताऱ्यात तो सुमारे ९२, महाबळेश्वरला ८५, साडेतीन हजार मीटरवर ६५, आणि गडसर खिंडीत, जी सुमारे ४,२०० मीटरवर आहे, तिथं ६० च्या आत-बाहेर. सरळ सांगायचं तर, साताऱ्यात तीन श्वासांत जेवढा प्राणवायू आत जातो, तेवढ्यासाठी तिथं साधारण पाच श्वास लागतात. झोपेतसुद्धा.

शरीर हे जमवून घेतं, पण त्याला वेळ लागतो. श्वास वाढतो, लघवीचं प्रमाण वाढतं, रक्तात हळूहळू बदल होतात. हे काम दिवसांत मोजायचं, तासांत नाही. आणि इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या : तंदुरुस्त माणसाला हा त्रास कमी होतो, असं नाही. उलट तंदुरुस्त माणूस भराभर वर पोचतो, सगळ्यांच्या आधी तंबूत शिरतो, आणि संध्याकाळी त्याचंच डोकं ठणकायला लागतं. घाट पळत चढणाऱ्याला हे पटायला जड जातं.

मुक्कामांची उंची मांडू या

आता कागद घ्या. ही या वाटेची सर्वसाधारण मांडणी आहे. आकडे मोघम घेतलेत, कारण तंबूची जागा थोडी वरखाली होते.

- श्रीनगर : १,६०० मीटर
- सोनमर्ग : सुमारे २,७०० मीटर
- निचनई : सुमारे ३,५०० मीटर
- निचनई खिंड (सुमारे ४,१०० मीटर) ओलांडून विशनसर : सुमारे ३,७०० मीटर
- गडसर खिंड (सुमारे ४,२०० मीटर) ओलांडून गडसर : ३,६०० ते ३,७०० मीटर
- सातसर : सुमारे ३,६०० मीटर
- झच खिंड (सुमारे ४,००० मीटर) ओलांडून गंगाबल-नुंदकोल : साडेतीन हजारांच्या थोडं वर
- नारानाग : सुमारे २,२०० मीटर

डोंगरातल्या वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य सल्ला असा की, तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांतून एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. दिवसा खिंड चढून पलीकडं खाली उतरलात तर चालतं. मोजायची ती झोपण्याची उंची.

हा नियम वरच्या यादीला लावून बघा. विशनसरपासून पुढं झोपण्याची उंची जवळपास सारखी आहे, तिथं अडचण नाही. अडचण सुरुवातीला आहे. श्रीनगर ते सोनमर्ग हजार-अकराशे मीटर, ते गाडीनं. दुसऱ्या दिवशी सोनमर्ग ते निचनई आणखी आठशे. म्हणजे सोमवारी सांगलीत साडेपाचशे मीटरवर झोपलेला माणूस विमानानं श्रीनगर आणि तिथून थेट सोनमर्ग असा गेला, तर बुधवारी साडेतीन हजारांवर झोपतो. गुरुवारी तो चार हजारांची खिंड ओलांडत असतो. बाजारात मिळणारे कित्येक कार्यक्रम असेच आखलेले असतात, कारण दिवस कमी तर खर्च कमी, आणि लोकांना रजाही कमी असते. बहुतेक जण यातून निभावतातही. पण प्रत्येक गटात एक-दोघं निभावत नाहीत, आणि ते कोण असतील हे आधी सांगता येत नाही.

उपाय अवघड नाही, फक्त दिवस द्यावे लागतात. सोनमर्गला एक रात्र जास्त काढायची. त्या दिवशी थाजीवास हिमनदीकडं रमतगमत जाऊन यायचं; जेवढं वर चढाल तेवढं बरं, झोपायला मात्र खाली. पुढं जमत असेल तर सोनमर्ग आणि निचनईच्या मध्ये, ज्याला टेबल टॉप म्हणतात त्या पठाराच्या आसपास एक मुक्काम करायचा. मग विशनसरला एक पूर्ण दिवस थांबायचं, किशनसरपर्यंत जाऊन यायचं. हे तीन जादा दिवस म्हणजे चैन नव्हे. जेवणात मीठ लागतं तसे ते या वाटेला लागतात.

परतीची वाट कुठं संपते?

उंचीच्या त्रासावर एकच खात्रीचं औषध आहे : खाली उतरणं. तीनशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत, लक्षणं कमी होईस्तोवर. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण या वाटेवर ‘खाली’ कुठं आहे, हे फार थोडे जण आधी बघतात.

नकाशा समोर ठेवा. निचनईच्या मुक्कामावर कुणाचं डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तर सोनमर्गकडं मागं फिरायचं. तो सरळ उतार आहे. काही तासांत माणूस रस्त्याला लागतो. पण एकदा निचनई खिंड ओलांडून विशनसरला आलात की मागं जायला पुन्हा चारशे मीटर चढून खिंड पार करावी लागते. आणि गडसर खिंड ओलांडल्यावर तर पुढंही खिंड आणि मागंही खिंड. तिथं आजारी माणसाला उतरवण्यासाठी आधी चढवावं लागतं. ज्याला श्वास पुरत नाही त्याला आणखी विरळ हवेत न्यायचं, तेही खेचरावर बसवून. सैन्याच्या चौक्या वाटेवर आहेत आणि अडल्यानडल्याला जवान मदत करतात, पण आपलं नियोजन त्यांच्या भरवशावर आखणं योग्य नाही.

म्हणून आम्ही सांगतो, निर्णयाच्या दोन जागा घरूनच ठरवून निघा. पहिली जागा निचनईची सकाळ. रात्रीपासून डोकेदुखी आहे आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा अंगात त्राण नाही असं काही असेल, तर त्या माणसानं खिंड चढायची नाही. थांबून बरं वाटलं तर दुसऱ्या दिवशी. नाहीच वाटलं तर सोनमर्ग. दुसरी जागा विशनसरचा विश्रांतीचा दिवस. तो संपताना गटातल्या प्रत्येकानं खरं खरं सांगायचं. तिथून पुढं ज्याला जायचं त्यानं अंगात काही लपवून जायचं नाही.

यात अडतं कुठं? माणसाच्या स्वभावात. वर्षभर पैसे साठवलेले असतात, रजा मोठ्या मुश्किलीनं मिळालेली असते, घरी सांगून आलेला असतो. “जरा डोकं दुखतंय, होईल बरं,” असं म्हणून तो गोळी घेतो आणि गप्प बसतो. शिवाय गटात चेष्टा होते. म्हणून हा नियम घरी बसून, चहा पिताना, सगळ्यांसमोर बोलून घ्या : जो परत फिरेल त्याच्यासोबत एक जण फिरेल, आणि त्याबद्दल कुणी कधी टोमणा मारणार नाही. तो सोबती कोण, हेसुद्धा आधीच ठरवा.

तीन लक्षणं ओळखायला शिका

साधा उंचीचा त्रास म्हणजे डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर. वर पोचल्यावर सहा ते बारा तासांत जाणवतो. थांबलं तर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत जातो. तो असताना आणखी वर जायचं नाही, एवढंच पथ्य.

दुसरा प्रकार फुप्फुसांत पाणी होण्याचा. तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री येतो. खूण ही, की माणसाला बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, ओठ निळसर दिसतात, पुढं फेसाळ थुंकी पडते. आपल्याकडं हे बऱ्याचदा ‘सर्दी छातीत उतरली’ म्हणून सोडून दिलं जातं. चढताना धाप सगळ्यांना लागते. बसल्यावरही ती थांबत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही.

तिसरा प्रकार मेंदूला सूज येण्याचा. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा एकदम गप्प होतो, तोल जातो. चाचणी सोपी आहे : एका सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगा. सरळ चालता आलं नाही, तर ताबडतोब उतरवा. प्राणवायूचा सिलेंडर असेल तर लावा, पण लावून तिथंच बसू नका. शेवटच्या दोन प्रकारांत काही तासांचा उशीर जिवावर बेततो.

भिजणं : आपली सवय आणि तिथली थंडी

सह्याद्रीत पावसात भिजणं हा आनंदाचा भाग असतो. ठोसेघरला जावं, चिंब व्हावं, गरम भजी खावी. पाऊस कितीही मोठा असला तरी हवा वीस अंशांच्या आसपास असते, म्हणून निभतं. चार हजार मीटरवर पाऊस थोडाच पडतो, पण पाच-सहा अंशांत आणि वाऱ्यासह. सुती बनियन आणि जीन्स घातलेला माणूस ओला झाला की त्याच्या अंगातली उष्णता झपाट्यानं जाते. आधी कुडकुडणं, मग बोबडी वळणं, मग बोटं काम न करणं, आणि कुडकुडणं अचानक थांबलं तर ते बरं होण्याचं नव्हे, धोक्याचं लक्षण आहे.

हे किती खरं आहे ते जून २०२४ मध्ये दिसलं. उत्तराखंडातल्या सहस्रताल या उंचावरच्या तळ्याच्या वाटेवर २२ जणांचा गट खराब हवामानात अडकला आणि त्यातले नऊ जण दगावले. बहुतेक जण आपल्या शेजारच्या कर्नाटकातले होते. सांगलीहून कर्नाटकाची हद्द किती लांब आहे, हे तुम्हाला सांगायला नको. मृतांमध्ये डोंगर केलेले लोकही होते. तो हंगामही चुकीचा नव्हता. अचानक बर्फाचं वादळ आलं, धुक्यात वाट दिसेना, आणि रात्र उघड्यावर काढावी लागली.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, खिंड दुपारच्या आत ओलांडायची, कारण डोंगरात हवा बहुधा दुपारनंतर बिघडते. पहाटे निघायचं ते फोटोसाठी नव्हे, त्यासाठी. दुसरी, एक जादा दिवस हातात ठेवायचा. आभाळ काळं आहे, पण परवाचं विमान आहे म्हणून निघायचं, अशी वेळ गटावर येता कामा नये. विमानाचं तिकीट बुडालं तर पैसे जातात. बाकीचं बुडालं तर भरून येत नाही.

कपड्यांचा नियम मग सोपा होतो. अंगालगत लवकर वाळणारा थर, त्यावर उबेचा थर, त्यावर वारा-पाऊस अडवणारा थर. आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, फक्त झोपायला. काहीही झालं तरी तो दिवसा घालायचा नाही.

कधी जायचं आणि किती दिवस काढायचे

ही वाट साधारण जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालू असते. त्याआधी खिंडींत बर्फ असतो. आपल्याकडं धो धो पाऊस असतो त्या दिवसांत तिकडं तुलनेनं कोरडं असतं, कारण पीर पंजालची रांग मोसमी पावसाला बरीचशी अडवते. महाबळेश्वरचा घाट ढग अडवतो आणि पलीकडं माण-खटाव कोरडा राहतो, तसंच काहीसं. जुलैत बर्फाचे पट्टे आणि फुलं, ऑगस्टमध्ये हिरवळ, सप्टेंबरमध्ये निरभ्र आकाश पण रात्री शून्याच्या आसपास.

आपल्या कामांच्या दृष्टीनंही हे दिवस बरे पडतात. उसाचा गळीत हंगाम अजून लांब असतो. तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागायतदारांची फळछाटणी अजून सुरू व्हायची असते. शिराळ्याची नागपंचमी आणि गणपती यांच्या मधले दिवस अनेकांना जमतात. एक मात्र बघा : त्याच काळात अमरनाथ यात्रा असते, ती राखी पौर्णिमेला संपते. यात्रेचा बालटालचा तळ सोनमर्गच्या जवळच आहे. तेव्हा रस्त्यावर गाड्यांच्या वेळा ठरवून दिलेल्या असतात आणि खोल्या मिळत नाहीत. यात्रा संपल्यावर गेलात तर सोयीचं.

दिवसांचा हिशेब असा. पुण्याहून विमानानं श्रीनगर, एक दिवस आणि तिथंच एक रात्र. सोनमर्गला दोन रात्री. टेबल टॉप आणि निचनई दोन. विशनसर दोन. गडसर, सातसर, गंगाबल तीन. हवामानासाठी राखीव एक. नारानागला उतरून श्रीनगर एक, आणि परतीचा प्रवास. तेरा दिवस होतात. रेल्वेनं जायचं तर मिरज, सांगली, सातारा करत दिल्लीला जाणारी गोवा एक्स्प्रेस आहे. पुण्याहून जम्मूला झेलम आहे. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वेही धावू लागली. रेल्वेनं तीन-चार दिवस वाढतात, पण खर्च खूप उतरतो.

तेरा दिवस रजा नसेल तर? मग ही वाट या वर्षी नको. सात दिवसांत बसणारी, कमी उंचीवर मुक्काम असलेली दुसरी वाट निवडा. तेरा दिवसांची वाट आठ दिवसांत कोंबणं, हाच बहुतेक दुखण्यांचा उगम आहे.

परवानगीचंही आधीच बघा. हा भाग नियंत्रण रेषेपासून फार लांब नाही. सैन्याच्या चौक्यांवर ओळखपत्र तपासतात. मूळ आधार कार्ड जवळ हवं. एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर काश्मीरमधली अनेक ठिकाणं पर्यटकांसाठी बंद केली होती. वाट चालू आहे का, हे ज्या वर्षी जाणार त्या वर्षी, तिकीट काढण्याआधी विचारायचं. उत्तराखंडातही २०१८ मध्ये उच्च न्यायालयानं बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि रूपकुंडची नेहमीची वाट बंद झाली. वासोट्याला बामणोलीत वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय बोट सुटत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. तीच सवय तिकडं न्या.

आणखी एक : बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. सोनमर्ग सोडलं की तेही जवळजवळ नाहीच.

तीन महिन्यांची तयारी

हवेची तयारी इथं होत नाही, म्हणून पायांची तयारी सोडायची नाही. पाय दमलेले नसले की शरीराला हवेशी जमवून घ्यायला उसंत मिळते.

साताऱ्याच्या माणसाला अजिंक्यतारा पुरे. शहरातून वर जायला सुमारे तीनशे मीटरचा चढ आहे. पहिल्या महिन्यात आठवड्यातून तीनदा एकेक फेरी, रिकाम्या पाठीनं. दुसऱ्या महिन्यात सात-आठ किलोची सॅक. तिसऱ्या महिन्यात शनिवारी दोन फेऱ्या आणि रविवारी पुन्हा दोन. लागोपाठ दोन दिवस, हे महत्त्वाचं. एका दिवसाचा दम आपल्या सगळ्यांकडं असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतात ते खरं.

सांगली-मिरजेच्या माणसानं दंडोबाच्या फेऱ्या माराव्यात, आणि आठवड्यात जिने. चौथ्या मजल्यापर्यंत चढ-उतार, अर्धा तास, सॅकसह. कंटाळवाणं आहे, पण कामाचं आहे. दोघांनीही उतरण्याचा सराव करावा. शेवटच्या दिवशी गंगाबल ते नारानाग एका दमात तेराशे मीटर उतरायचं असतं, म्हणजे अजिंक्यतारा चार वेळा फक्त उतरायचा. गुडघे तिथं बोलतात. दोन काठ्या घ्या.

वेळेचा अंदाज बांधायला एक जुना नियम आहे. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं तो मांडला : पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. निचनई ते विशनसर साधारण बारा किलोमीटर आणि सहाशे मीटर चढ धरला, तर साडेतीन तास होतात. विरळ हवा, सॅक आणि गट धरून त्याची दुप्पट करा : सात तास. सकाळी सहाला निघालात तर एकला पोचाल. दहाला निघालात तर संध्याकाळी पाच, आणि वाटेत पाऊस. हा हिशेब प्रत्येक दिवसासाठी घरी करून न्यायचा.

खाणं, पाणी आणि तळी

उंचीवर भूक मरते, आणि नेमकं तेव्हाच खाणं गरजेचं असतं. म्हणून तोंडाला चव असलेलं घरचं न्या. तासगावचे बेदाणे, शेंगदाण्याची चिक्की, गूळ, थोडं सांगलीचं भडंग, लसणाची चटणी. साडेतीन हजारांवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळं डाळ-भात उघड्या भांड्यात शिजत नाही. स्वयंपाकी कुकर घेतात. दिवसाला तीन-चार लिटर पाणी, उकळून किंवा शुद्ध करून. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य, त्यानं झोपेतला श्वास मंदावतो.

ही तळी हिमनद्यांनी कोरलेल्या खळग्यांत साठलेली आहेत. किशनसरचं पाणी विशनसरमध्ये येतं आणि तिथून किशनगंगा नदी निघते. गंगाबल अडीच किलोमीटर लांब आहे, हरमुख पर्वताच्या पायथ्याशी. काश्मिरी पंडितांचं ते तीर्थ आहे. म्हणजे आपण कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यापाशी आणि देवापाशी मुक्काम करतो. कासच्या तलावात कुणी साबण लावून अंघोळ केली तर सातारकर काय म्हणतील? तेच तिथं. शौचाला पाण्यापासून किमान साठ मीटर लांब. कचरा, अगदी चिक्कीचा कागदसुद्धा, परत आणायचा.

या कुरणांवर उन्हाळ्यात गुज्जर आणि बकरवाल लोक मेंढ्या-शेळ्या घेऊन येतात. आपल्या धनगर मेंढपाळांसारखीच त्यांची भटकंती. आपण ज्यांना ट्रेकची वाट म्हणतो त्यातल्या बऱ्याच वाटा त्यांच्या कळपांनी पाडलेल्या आहेत. कळपाच्या मधून जाऊ नका, त्यांची कुत्री राखणीची असतात. विचारल्याशिवाय बायकामुलांचे फोटो काढू नका.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*संयोजक निवडताना काय विचारायचं?*

पाच गोष्टी विचारा. विश्रांतीचा दिवस कुठं आहे? किती माणसांमागं एक वाटाड्या? प्राणवायूचा सिलेंडर प्रत्येक मुक्कामावर असतो का? माणूस आजारी पडला तर त्याला उतरवायला कोण जातं, आणि खेचर तयार असतं का? आणि शेवटचा : परत फिरण्याचा निर्णय कुणाचा? “आमच्याकडं सगळे पोचतातच,” असं उत्तर आलं तर दुसरीकडं चौकशी करा.

*अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी घ्यावी का?*

ती शरीराला लवकर जमवून घ्यायला मदत करते, पण डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. गोळी म्हणजे भराभर चढण्याचा परवाना नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. आकडा बरा आणि माणूस आजारी, तर माणसाकडं बघा.

*वय साठ आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. जाता येईल?*

वयानं अडत नाही. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयाचा त्रास, रक्त कमी असणं, यातलं काही असेल तर निघण्याच्या तीन महिने आधी डॉक्टरांकडं जा आणि कुठल्या उंचीवर किती दिवस राहणार, तो कागद दाखवा. आदल्या दिवशी सही-शिक्का घेतलेला दाखला संयोजकाच्या फायलीसाठी असतो, तुमच्यासाठी नाही. विमा काढत असाल तर तो किती उंचीपर्यंत लागू आहे, तेही वाचा.

*चालायचंच नको असेल तर? चंद्रतालला गाडी जाते म्हणतात.*

जाते, आणि म्हणूनच जपायला हवं. मनाली दोन हजार मीटरवर, चंद्रताल सव्वाचार हजारांवर. गाडीत बसून एका दिवसात तुम्ही सव्वादोन हजार मीटर वर जाता आणि तिथं झोपता. पायांनी चालणाऱ्यापेक्षा हे जास्त धोक्याचं. मध्ये एक-दोन मुक्काम करा.

*घरच्यांना काय सांगून निघायचं?*

एक कागद लिहून घरी ठेवा. त्यावर रोजचा मुक्काम, त्याची उंची, गटातल्या प्रत्येकाच्या घरचा नंबर, संयोजकाचा नंबर. खाली लिहा : अमुक तारखेपर्यंत फोन लागणार नाही, काळजी करू नका, त्याच्या पुढं एक दिवस गेला तरी फोन आला नाही, तर या नंबरवर विचारा. राखीव दिवस धरून ती तारीख लिहा, म्हणजे तुम्ही वर पावसामुळं एक दिवस थांबलात तर घरी कुणी जागं राहणार नाही. हा कागद आणि मुक्कामांची यादी ज्या दिवशी तयार होईल, त्या दिवशी खुशाल बुटांच्या दुकानात जा.